हस्तलिखिताचं पान एकोणचाळीस

धारवाड, २ डिसेंबर २०२५

राणी,

पत्राच्या सुरुवातीला क्षेमकुशल विचारायची रीत आहे. पण साठ वर्षं तोंड न दाखवलेल्या बाईनं "तू बरी असशील" म्हणणं मला जरा आगाऊपणाचं वाटलं. म्हणून सरळ कामाचंच लिहिते.

तुझा बेळगावचा पत्ता पल्लवीनं दिला. हुबळीला डोळे तपासायला गेले होते, तपासणारी मुलगी मराठी बोलली. गावाची, शाळेची चौकशी झाली, तेव्हा म्हणाली, "माझी आत्याआजी पण त्याच शाळेतली. राणी नाव." मी त्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते, तशीच बसून राहिले. तुझी हेडमास्तरकी, तुझी निवृत्ती, सगळं तिनं सांगितलं. मला आश्चर्य वाटलं नाही. वर्गात फळ्यावरच्या चुका मास्तरांच्या आधी तुला दिसायच्या.

तर काम असं. येत्या ८ फेब्रुवारीला, रविवारी, आपला वर्ग जमतोय. एसएसएलसी होऊन साठ वर्षं झाली. चौतीस जणांतले पंधरा उरलो आहोत. अकरा चालते आहेत, तिघं काठीवर, आणि एक मी, जिला काठी घे म्हणायची कुणाची हिंमत अजून झालेली नाही. चाळीस वर्षं कोर्टात उभं राहून वकिली केली, पायांना उभं राहायचं वळण आहे.

सुमंत अध्यक्ष आहे. तोच तो, मोत्यासारख्या अक्षराचा. बँकेतून निवृत्त झाला, अक्षर अजून तसंच आहे. त्याचं म्हणणं, आपल्या वर्गाइतकं युद्ध दुसऱ्या कुठल्या वर्गानं पाहिलं नसेल. सातवीत चीन, मॅट्रिकच्या वर्षी पाकिस्तान. मी म्हटलं, अरे, पाहिलं कुठे? ऐकलं. खिडक्यांना काळा कागद चिकटवला, मैदानात खंदक खणला आणि त्यात पहिल्याच आठवड्यात ड्रिलचे सर पडले. धारवाडवर बॉम्ब टाकायला कोण येणार होतं, पेढ्यांसाठी? पण पंतप्रधानांनी सांगितलं म्हणून सोमवारी रात्री जेवायचं नाही, हे आपण मनापासून पाळलं. लोकरीचे हातमोजे विणले, त्यातल्या माझ्या मोज्याला सहा बोटं झाली. ती वर्षं आपली होती हे खरं.

शाळेच्या कपाटात आपलं हस्तलिखित सापडलंय. १९६६चा युद्ध विशेषांक. वाळवी लागली नाही, हे त्या कपाटाचं कर्तृत्व. मुखपृष्ठावर सुमंतनं काढलेला रणगाडा नगरपालिकेच्या पाण्याच्या गाडीसारखा दिसतो. पान एकोणचाळीसवर तुझा लेख आहे, थोरल्या भावावरचा, 'माझे अण्णा'. सगळ्यांनी तो पुन्हा वाचला. त्यावरून सुमंतच्या डोक्यात एक कल्पना आली आहे, ती भेटीत सांगीन. तुझ्या हातचे मूळ कागद मात्र कुठे गेले कोण जाणे.

तू का रागावलीस ते मला माहीत नाही, असं मी म्हणणार नाही. पण आपण दोघी शहात्तरच्या झालो. ये.

उत्तरा

धारवाड, १७ डिसेंबर २०२५

राणी,

पत्राची पोचपावती आली, उत्तर आलं नाही. पावतीवर तुझी सही आहे. 'रा'चा काना अजून तसाच खाली ओढतेस. म्हणजे पत्र तुझ्याच हातात पडलं, आणि आता तुला सगळं सांगणं भाग आहे.

सुमंतची कल्पना अशी. वर्गाच्या वतीनं शाळेत दर वर्षी मराठी निबंधाचं बक्षीस ठेवायचं. नाव, 'हुतात्मा परसू स्मृती पारितोषिक'. संगमरवराची फरशी कोरायलासुद्धा टाकली. ८ तारखेला तिचं अनावरण आहे.

तू हे वाचून काय करशील ते मला दिसतंय. चष्मा काढून टेबलावर ठेवशील.

त्यांचा दोष नाही. तुझे अण्णा लढाईत गेले, असं वर्ग साठ वर्षं समजून चाललाय. पान एकोणचाळीसवर तसं लिहिलंय, सुमंतच्या मोत्यासारख्या अक्षरात. पंधरा जणांत तुझ्याशिवाय खरं ठाऊक असलेली मी एकटी. आणि मीच गप्प आहे. कमिटीच्या बैठकीत फरशीचा ठराव झाला तेव्हा मी चहा पीत होते, तो पीत राहिले.

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे आपल्या दोघींत तरी पडदा राहायला नको. तू लेख दिलास, मी संपादक होते. तुझा लेख साधा होता. परसूअण्णा चीनच्या लढाईला कापडी बूट घालून बर्फात गेले, परत आले तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं नव्हती, तुझ्या आईनं पाय मांडीवर घेऊन उरलेली बोटं मोजली. मग त्यांना मेसमध्ये स्वयंपाकी केलं, पासष्ट साली ते पंजाबकडे होते, आणि त्यांचं पत्र येत नव्हतं. तिथंच लेख थांबला होता. मला वाटलं, याला शेवट नाही. बाळाचार्य सरांचंही तसंच मत पडलं, शेवट ठसठशीत हवा. म्हणून मी अकरा ओळी घातल्या. डाळीच्या पातेल्यामागे उभ्या असलेल्या माणसाला मशीनगनमागे उभं केलं, गोळ्यांचा वर्षाव केला, ओठांवर भारतमातेचं नाव ठेवलं आणि त्यांना मारून टाकलं.

तुला दाखवायला वेळ नव्हता, निदान मी तशी समजूत करून घेतली. सुमंतनं प्रत उतरवली. निरोप समारंभात सरांनी तो लेख मोठ्यानं वाचला. आईबापांना बोलावलं होतं, आणि तुझी आई, दुर्गव्वा, हिरवं लुगडं नेसून मागच्या रांगेत बसली होती. सरांचा आवाज भरून आला. सगळ्यांचे डोळे पुसणं चालू असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, तार कवा आली?"

कुणाला कळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कळलं होतं. मी व्यासपीठावर होते, तुझ्यापासून दोन हातांवर. तू आईला धरून बाहेर नेलंस आणि मी आभाराचं भाषण केलं.

आता माझा सल्ला ऐक, वकिलाचा म्हणून. फरशी मी थांबवते. संगमरवराला तडा गेला म्हणेन, घरच्यांना नाव नको म्हणेन, काहीतरी सांगेन. जुनं उकरायची गरज नाही. तू फक्त ये, म्हणजे सगळं आपोआप निवळेल.

उत्तरा

धारवाड, ६ जानेवारी २०२६

राणी,

तुझं कार्ड मिळालं. पन्नास पैशांच्या कार्डावर दोन शब्द, "अण्णांना विचार", आणि खाली हुबळीतल्या उणकलचा पत्ता. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, साक्ष थोडक्यात द्या. माझं कुणी ऐकलं असेल तर ते तू.

ते आहेत हे पल्लवीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आजोबा चौऱ्याऐंशी, रोज तळ्यावर फिरायला जातात." तुला लिहिलेल्या दोन पत्रांत मी ते लिहिलं नाही. ते जिवंत आहेत हे मला ठाऊक आहे असं कागदावर आलं की तिथे जावं लागलं असतं.

काल गेले. उणकलला आता तळ्याच्या बाजूला सगळ्या इमारतीच झाल्यात, पत्ता शोधत दोनदा चुकले. तिसऱ्या मजल्यावर तेच दार उघडायला आले. हातात झारा होता. "बर्री, कूडरी," या, बसा म्हणाले, आणि कांदाभजी तळायला परत आत गेले. मी कोण ते न विचारता भज्यांची बशी समोर ठेवली. मग मी नाव सांगितलं.

"हां," म्हणाले. "विठ्ठलराव वकिलांची पोरगी. मला मारलासा ती तुम्हीच न्हवं?"

राणी, मी जिल्हा न्यायाधीशांपुढे अडखळले नाही, पण तिथे आधी एक भजं तोंडात घातलं. मी फरशीचं सांगितलं. पारितोषिकाचं सांगितलं. ते इतके हसले की पल्लवीची आई आतून बघायला आली.

"फरशी नको वो बाई," म्हणाले. "मी हाय की अजून. फरशी माझ्या नावाची आणि भजी पण मीच तळायची, हे कसं जमायचं?"

मला वाटलं, सुटले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा की. ज्यासाठी आलासा ते राहिलंच."

मग त्यांनी मला ते सांगितलं जे मला अर्धंच माहीत होतं. त्या दिवसापासून एकोणीस दिवस तुमच्या घरात चूल पेटली नाही. शेजारच्यांनी भाकरी आणून दिली. तू रोज आईला सांगत होतीस, मी असं लिहिलंच नाही, ते खोटं आहे. आणि दुर्गव्वा तुझं ऐकत नव्हती. एवढं मला माहीत होतं, कारण निकालाच्या दिवशी सुभाष रोडवर पुस्तकांच्या दुकानापाशी तू मला ते सांगितलंस. "आई म्हणते, शिकलेली माणसं खोटं कशाला लिहितील?" तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य तेच. विसाव्या दिवशी अण्णांचं पत्र आलं हेही तू तेव्हा सांगितलंस आणि निघून गेलीस.

पण पुढचं मला माहीत नव्हतं. पत्र आलं तरी तिला खरं वाटलं नाही. मे महिन्यात ते रजेवर आले तेव्हा तिनं त्यांना अंगणात उभं केलं, चपला काढायला लावल्या आणि पायाची बोटं पुन्हा मोजली. आठ भरल्यावर घरात घेतलं. आणि मरेपर्यंत, कुणी कसलाही कागद वाचून दाखवायला लागलं, वीजबिल असो की पोरांचं प्रगतिपुस्तक, की ती आधी विचारायची, "कुणी लिवलंय?"

मी म्हटलं, "अण्णा, मी माफी मागते."

ते म्हणाले, "मला कशाला? मला काय झालं? मी मजेत डाळ ढवळत होतो." मग बशी माझ्याकडे सरकवली. "आईनं मोठ्यानं ऐकलं होतं. चारचौघांत. खरं पण तसंच सांगा. मोठ्यानं."

गाडीत बसल्यावर मी रडले. ड्रायव्हर आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

आता दोन कबुल्या. बाळाचार्य सरांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. त्यांनी तुझा मूळ लेख पाहिलासुद्धा नव्हता. माझ्याकडून आलेलं वाचायचं, एवढाच त्यांचा विश्वास. सर वारले, उत्तर द्यायला येणार नाहीत, म्हणून मागच्या पत्रात मी त्यांच्या गळ्यात अर्धा दोष बांधला. अकरा ओळी माझ्या एकटीच्या. लिहिताना मला आनंद झाला होता हेही लिहिते. मला वाटत होतं मी तुझ्या लेखाचं सोनं केलं.

आणि मूळ कागद कुठे गेले हे मला पक्कं माहीत आहे. माझ्या कपाटात आहेत. लग्न झालं, घर बदललं, केलगेरीला येऊन राहिले, ते माझ्याबरोबर आले. फाडवले नाहीत आणि परत करवले नाहीत.

उत्तरा

धारवाड, २५ जानेवारी २०२६

राणी,

कमिटीला सांगितलं.

सुमंतच्या घरी बैठक होती, सांडगे तळले होते. मी म्हटलं, खाऊन घ्या, मग बोलते, कारण नंतर कुणाला जाणार नाहीत. आणि अकरा ओळींपासून सुभाष रोडपर्यंत सगळं सांगितलं.

कौसल्या म्हणाली, "झालं गेलं, पोरवयात होतो." मी म्हटलं, पोरवयात लिहिलं, पण गप्प बसले ते पुढची साठ वर्षं, त्यात केस पांढरे झाले. तिला वाईट वाटलं. कोर्टात बोलायची सवय घरात जात नाही.

सुमंतनं सांडग्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "मी त्या ओळी उतरवताना रडलो होतो गं. शाई पसरली म्हणून ते पान दोनदा लिहिलं." माझ्यामुळे फसलेल्यांत तोही एक, हे मी कधी धरलंच नव्हतं. फरशीवर नाव कोरून झालंय. ती पालथी घालून आपण खंदक खणला होता तिथल्या नळाखाली बसवायची, असं ठरलं. मुलं तिच्यावर पाय धुतील. अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांना ते फार आवडलं.

हस्तलिखितातल्या त्या अकरा ओळींवर मी काल लाल शाईनं रेघ मारली, आणि समासात माझी सही तारखेसह. खोटं खोडायचं असतं, फाडायचं नसतं, म्हणजे कुणी लिहिलं ते दिसतं. खाली अर्धं पान कोरं आहे. तिथे तुझा खरा शेवट उतरवून काढायला सुमंत तयार होता. मी नको म्हटलं. तिथे लिहायचं की नाही, हे तुझं तू ठरव. नाही लिहिलंस तर पान तसंच राहील.

सोबत तुझे मूळ कागद पाठवत आहे, रजिस्टरनं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. एक झेरॉक्स ठेवली आहे, ८ तारखेला वाचण्यापुरती. ती वाचू नकोस म्हणालीस तर वाचणार नाही. पण माझ्या अकरा ओळी कुणी लिहिल्या ते तरीही सांगणार आहे. अण्णांना तसा शब्द दिलाय.

या वेळी मी तुला "ये" म्हणत नाही.

उत्तरा

धारवाड, ९ फेब्रुवारी २०२६

राणी,

तू आलीस.

मला वाटलं होतं तू अण्णांबरोबर येशील. ते पहिल्या रांगेत पल्लवीशेजारी बसले, कोट घालून, छातीवर मेडल नाही, खिशाला पेन. लोक त्यांना सुमंतचे थोरले भाऊ समजून नमस्कार करत होते. मी बोलायला उभी राहिले तेव्हा मागचं दार उघडलं आणि तू शेवटच्या रांगेत, खिडकीकडच्या खुर्चीवर बसलीस. दुर्गव्वा बसली होती त्याच बाजूला. मुद्दाम बसलीस की तीच एक खुर्ची रिकामी होती, ते मी विचारणार नाही.

मी तुझा लेख वाचला, तुझा, पहिल्यापासून. "अण्णा आता पंजाबकडे आहेत. ते तेथे जवानांचा स्वयंपाक करतात. दिवाळीनंतर त्यांचे पत्र आलेले नाही. आई रोज पोस्टमनला विचारते. तो मान हलवतो. आई म्हणते, उद्या येईल." एवढं वाचून थांबले. सोळा वर्षांच्या मला याला शेवट दिसला नव्हता. काल ते "उद्या येईल" वाचल्यावर मला पाणी प्यावं लागलं.

मग म्हटलं, पुढच्या अकरा ओळी मी लिहिल्या. त्या खोट्या होत्या. एका आईनं त्या ऐकल्या आणि खऱ्या मानल्या, कारण त्या आपण शिकलेल्यांनी लिहिल्या होत्या. परसूअण्णा लढाईत मेले नाहीत. ते इथे आहेत.

टाळ्या पडल्या नाहीत. मला त्याचं बरं वाटलं. या सभागृहात एकदा चुकीच्या वेळी टाळ्या पडल्या होत्या. आपल्या वर्गातली म्हातारी माणसं माना वळवून एकेक करून अण्णांकडे बघायला लागली. सुमंत उठला, त्यांच्यापाशी गेला, आणि काय करावं न कळून त्यानं त्यांच्या पायाला हात लावला. अण्णा त्याला उठवत म्हणाले, "असू दे, असू दे. जेवायला काय केलंय?"

मसालेभात त्यांना पसंत पडला नाही. जिरं करपलं म्हणाले. आचाऱ्याला बोलावून त्याला समजावत होते तेव्हा सगळा वर्ग भोवती गोळा झाला होता, पत्रावळी हातात घेऊन. इतक्या वर्षांत लढाईतल्या माणसाशी आपला वर्ग पहिल्यांदा बोलला, आणि बोलणं झालं ते सत्तर माणसांना डाळ किती लागते याचं.

तू जेवलीस ते मी पाहिलं. माझ्याशी बोलली नाहीस. मी वाढायला आले तेव्हा पत्रावळीवर आडवा हात धरलास, आणि मग काढलास, थोडा भात घेतलास. मी पुढे गेले. त्यापुढे जायचा माझा हक्क नाही, एवढं कळायला मला साठ वर्षं लागली, पण कळलं.

हस्तलिखित दाराजवळच्या टेबलावर उघडं ठेवलं होतं. येणारे जाणारे चाळत होते. संध्याकाळी ते बांधून कपाटात ठेवायला मी एकटीच मागे थांबले होते. पान एकोणचाळीस आलं. लाल रेघेखाली, अर्ध्या कोऱ्या पानावर, निळ्या शाईत एक ओळ होती. 'रा'चा काना खाली ओढलेला.

"अण्णा परत आले. आईने बोटे मोजली. — राणी"

मी ते पान शाई वाळेपर्यंत उघडं ठेवलं. मग मिटून, कापडात बांधून कपाटात ठेवलं आणि किल्ली शाळेत दिली.

त्यात मी काही बदललेलं नाही.

उत्तरा